दीड दिवसाचं वादळ

कोकणात दीड दिवसाचे गणपती असतात. आज बसले, उद्या संध्याकाळी पाण्यात. ‘निसर्ग’ चक्रीवादळाचं आयुष्य मोजलं तर तेवढंच भरतं. मंगळवार, २ जून २०२० च्या दुपारी हवामान खात्याने त्याला नाव दिलं. बुधवारी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. बुधवारची रात्र सरेपर्यंत त्याचा जोर इतका उतरला होता की त्याला चक्रीवादळ म्हणायची सोय उरली नव्हती. आधीचा एक दिवस नुसता कमी दाब म्हणून, नंतरचे एक-दोन दिवस विरत जाणारा पाऊस म्हणून धरले तरी सगळा प्रपंच आठवड्याच्या आत आटोपला.

तरीही श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या वाडीवाल्यांच्या बोलण्यात ‘वादळाच्या आधी’ आणि ‘वादळानंतर’ असे दोन काळ येतात. कुठलं वादळ, हे विचारावं लागत नाही. दीड दिवसाचा पाहुणा एवढं कसं करून गेला, आणि ज्या मुंबईसाठी सगळा देश श्वास रोखून टीव्हीसमोर बसला होता ती सोडून नेमकं श्रीवर्धनलाच का झोडपून गेला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात समुद्राच्या पाण्यापासून करावी लागते.

वाफेतली आग

भाताच्या पातेल्यावरचं झाकण घाईने उचललं की हाताला वाफ लागते. ती वाफ उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजते, कारण पाण्याची वाफ होताना तिने बरीच उष्णता पोटात घेतलेली असते आणि हातावर तिचं परत पाणी होताना ती सगळी उष्णता आपल्या कातडीला मिळते. उलट बाजूने पाहायचं तर माठ पाहा. माठातून पाझरलेलं पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. वाफ म्हणजे उष्णतेची बंद पिशवी. ती समुद्रावर भरली जाते आणि वर ढगात उघडते.

चक्रीवादळाचं सगळं इंजिन या एका गोष्टीवर चालतं. मे महिना संपता संपता अरबी समुद्राचा वरचा थर चांगला तापलेला असतो. चक्रीवादळ पोसायला पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं. त्या दिवसांत ते तीस अंशांच्या घरात होतं. अशा पाण्यावरून भरपूर वाफ वर जाते, उंचावर तिचे ढग होतात, ढग होताना पिशवी उघडते, भोवतीची हवा आणखी तापते आणि आणखी जोरात वर जाते. वर गेलेल्या हवेची जागा भरायला खालून, चारी बाजूंनी, दमट हवा धाव घेते. ती येताना समुद्रावरून आणखी वाफ उचलून आणते. चुलीत एकदा जाळ धरला की तो स्वतःच हवा ओढून घेतो, तसंच.

मग ही हवा सरळ मध्यात का घुसत नाही, गोल का फिरते? पृथ्वी फिरते म्हणून. आपल्या गोलार्धात लांबचा पल्ला मारणारी कुठलीही हवा आपल्या वाटेच्या उजवीकडे थोडी ढकलली जाते. चारी दिशांनी मध्याकडे निघालेली हवा अशी उजवीकडे सरकली की मध्य गाठण्याऐवजी त्याच्याभोवती फेर धरते आणि तो फेर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पडतो. (बाथरूमच्या मोरीत पाणी गोल फिरतं तेही याचमुळे, असं शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं. ते खरं नाही. मोरी फारच लहान आहे, तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसण्याइतका होत नाही. विषुववृत्ताला खेटून चक्रीवादळं का होत नाहीत याचं उत्तर मात्र इथेच आहे. तिथे ही उजवी-डावी ढकलाढकली जवळजवळ शून्य असते.)

आणखी एक अट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटरवरचा वारा यांच्यात फार फरक नको. चुलीचा धूर सरळ वर जात असेल तर जाळ नीट राहतो. वरच्या अंगाला सोसाट्याचा वारा असेल तर धूर विस्कटतो. वादळाचंही तसंच, वरचा वारा जोराचा असेल तर ढगांचा मनोरा वाकतो आणि इंजिन बंद पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र खवळलेला असूनही अरबी समुद्रात चक्रीवादळं जवळपास होत नाहीत ती याचमुळे. मान्सून पूर्ण स्थिरावला की उंचावर पूर्वेकडून येणारा जोरदार वारा सुरू होतो. म्हणून आपल्याकडे वादळांचे हंगाम दोन: मान्सूनच्या तोंडावर मे-जून आणि मान्सून परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. २०२० साली मान्सून केरळात १ जूनला पोचला आणि ‘निसर्ग’चं बीजही त्याच सुमारास पडलं. दाराशी मान्सून उभा आणि वरचे वारे अजून सुरू व्हायचे आहेत, अशा फटीतून ते निसटलं.

जागाच कमी पडली

१ जूनच्या पहाटे कमी दाबाचं क्षेत्र वाढून त्याचं डिप्रेशन झालं, तेव्हा ते पणजीपासून साधारण ३७० किलोमीटरवर होतं. समुद्रातल्या वादळाच्या हिशेबाने हे अंतर म्हणजे अंगण. ‘निसर्ग’ अल्पायुषी का होतं याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. त्याच्यापुढे वाढायला समुद्रच फार उरला नव्हता.

हवामान खातं वादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर करतं. सततचा वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, ५० च्या वर डीप डिप्रेशन, ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ आणि तेव्हाच नाव. ८९ च्या वर तीव्र चक्रीवादळ, ११८ च्या वर अतितीव्र, आणि असं करत करत २२२ च्या वर महाचक्रीवादळ. ‘निसर्ग’ने १ जूनला पहिली पायरी चढली, २ जूनच्या दुपारी नाव मिळवलं आणि ३ जूनच्या पहाटेपर्यंत ‘तीव्र’ झालं. किनाऱ्यावर चढताना त्याचा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि मधले झोत १३० पर्यंत जात होते.

याच्या शेजारी २०१९ चं ‘क्यार’ ठेवून पाहा. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रातच झालेलं हे वादळ थेट महाचक्रीवादळाच्या पायरीवर पोचलं होतं आणि आठवड्याहून जास्त जगलं. पण ते कोकणच्या किनाऱ्याकडे पाठ करून पश्चिमेला ओमानच्या दिशेने गेलं आणि समुद्रातच विरलं. त्याच्या पावसाने कापणीला आलेलं भात भिजवलं, किनाऱ्यावर लाटा आपटल्या, नुकसान झालंच. पण छपरं उडाली नाहीत, बागा झोपल्या नाहीत. ताकदीच्या यादीत ‘निसर्ग’ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. वादळ किती मोठं होतं यापेक्षा ते ऐन जोरात असताना कुठे होतं, याला जास्त महत्त्व आहे.

अरबी समुद्रातली बहुतेक वादळं अशीच ओमान-येमेनकडे नाहीतर वर गुजरातकडे जातात. म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्याला चक्रीवादळाची सवय नाही. नोव्हेंबर १९४८ चं वादळ मुंबई परिसराला भिडलं होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ अलिबाग-मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. ‘निसर्ग’ला मात्र वरच्या हवेने वळवलं. सुरुवातीला ते सरळ उत्तरेकडे चाललं होतं. मग आग्नेयेकडचा जास्त दाब आणि वायव्येकडून सरकत आलेला वरच्या हवेतला कमी दाबाचा पट्टा यांच्यामध्ये सापडून ते ईशान्येकडे, म्हणजे थेट कोकणाकडे वळलं. वादळाला स्वतःचं डोकं नसतं. ओढ्यात सोडलेली कागदाची होडी प्रवाह नेईल तशी जाते, तसं ते वरच्या हवेत वाहत जातं.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एक माहिती फिरत होती: १८८२ साली मुंबईत असंच वादळ आलं आणि एक लाख माणसं मेली. भल्याभल्या ठिकाणी ती छापूनही आली. तिला त्या काळचा कसलाही आधार नाही. हवामानशास्त्रज्ञांनी जुने दप्तर धुंडाळून ती दंतकथाच असल्याचं म्हटलं आहे. साधा विचार केला तरी खटकतं. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. त्यातली आठातली एक व्यक्ती एका रात्रीत गेली आणि त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी, नगरपालिकेने, पोलिसांनी कुणीच त्याची नोंद ठेवली नाही, हे कसं शक्य आहे?

उजवी बाजू, डावी बाजू

आता मूळ प्रश्न. मुंबई वाचली कशी?

वादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं आणि त्याच वेळी पुढेही सरकतं. देवाची पालखी डोळ्यांसमोर आणा. पालखी स्वतःभोवती गोल फिरवत भोई पुढे चाललेत. चालण्याच्या दिशेकडे तोंड करून पाहिलं तर उजव्या अंगाचा भोई फिरण्याचा आणि पुढे जाण्याचा असे दोन्ही वेग घेऊन येतो. डाव्या अंगाचा भोई फिरताना मागे जात असतो, त्यामुळे त्याच्या वेगातून पुढे जाण्याचा वेग वजा होतो. समजा फिरण्याचा वारा १०० आणि सरकण्याचा वेग २० आहे. उजवीकडे झाले १२०, डावीकडे ८०. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, पण दिशा हीच.

‘निसर्ग’ ईशान्येकडे तोंड करून आलं आणि त्याचा मध्य मुरूडच्या आसपास जमिनीवर चढला. ईशान्येकडे तोंड केलं की उजवा हात आग्नेयेला येतो. म्हणजे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बाणकोटची खाडी ओलांडून मंडणगड, दापोली. डावा हात वायव्येला, तिकडे मुंबई.

फरक नुसता वेगाचा नव्हता, दिशेचाही होता. उजव्या अंगाला, मध्याच्या दक्षिणेला, वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. वादळ जवळ येत असताना श्रीवर्धनला वारा आधी आग्नेयेकडून आणि दक्षिणेकडून आला, मध्य बाजूने पुढे जाऊ लागला तसा नैऋत्येचा झाला आणि मग पश्चिमेचा. एका दिशेच्या वाऱ्याला झाड काही वेळ टिकून राहतं, त्याची मुळं उलट्या बाजूने ताणून धरतात. पण दोन-तीन तासांत वारा दिशा बदलत गेला तर झाड पिळवटून निघतं. मुंबईला त्याच वेळी वारा पूर्वेकडून आणि उत्तरेकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जात होता. जमिनीवरून येणारा वारा घरं, झाडं, डोंगर यांच्याशी घासत येतो, त्याचा जोर आधीच मोडलेला असतो.

वेगातला थोडासा फरकही फार महागात पडतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की पत्र्यावरचा दाब चौपट. ताशी ६० चा वारा छत्री उलटी करतो, १२० चा वारा पत्रे, वासे आणि कधी भिंतही घेऊन जातो.

समुद्राच्या बाबतीत मात्र नशीब थोडं बरं निघालं. वटपौर्णिमा होती ५ जूनला, म्हणजे उधाणाचे दिवस अगदी तोंडावर. खात्याने रायगड-मुंबईला नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल असा इशारा दिला होता. हे जादा पाणी दोन कारणांनी चढतं. वादळाच्या पोटातला हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तिथलं पाणी जरा फुगतं. पण हा भाग छोटा. दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचं माप) उतरला तर पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येतं. खरं पाणी लोटतो तो वारा, किनाऱ्याच्या दिशेने, तासन् तास. असा लोट ऐन भरतीवर आला असता तर चित्र वेगळं असतं. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ घड्याळाशिवाय काढतात: तिथीची पाऊणपट करायची. ३ जूनला सकाळी द्वादशी संपून त्रयोदशी लागली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे भरती सकाळीच होऊन गेली होती आणि वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान आलं तेव्हा ओहोटी लागलेली होती. ते तीन-चार तास आधी आलं असतं तर उधाणाच्या भरतीवर वादळाचं पाणी चढलं असतं.

रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर त्या दिवशी ‘बसरा स्टार’ नावाचं एक जहाज येऊन आदळलं. नांगर टाकून उभं असलेलं हे जहाज वाऱ्याने आणि लाटांनी बंधाऱ्यापर्यंत ओढत आणलं. खलाशी सुखरूप उतरले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच रुतून राहिलं आणि लोक फोटो काढायला येत राहिले.

इंजिन बंद पडतं

जमिनीवर आलं की वादळाचा शिधा तुटतो. खाली गरम पाणी नाही, म्हणजे नवी वाफ नाही. वाफ नाही तर ढगातली उष्णता नाही, उष्णता नाही तर हवा वर खेचली जात नाही. शिवाय जमिनीशी घासून वाऱ्याचा गोल मोडतो, मध्याभोवती फेर धरणारी हवा आता सरळ आत शिरते आणि मधला कमी दाब भरून निघतो. ‘निसर्ग’पुढे तर सह्याद्रीच उभा होता. संध्याकाळी ते पुणे जिल्ह्यावर असताना ‘तीव्र’ची पायरी उतरलं होतं, मध्यरात्रीपर्यंत डीप डिप्रेशन, ४ जूनच्या सकाळी पश्चिम विदर्भावर नुसतं डिप्रेशन. वाटेत मावळ-जुन्नरकडची पॉलिहाउसं फाडली, नाशिकला पाऊस पाडला आणि मध्य प्रदेशाच्या बाजूला निघून गेलं.

महाराष्ट्रात सहा जणांचा जीव गेला. प्रत्येक जीव मोलाचा, पण एवढ्या वाऱ्यात, एवढ्या दाट वस्तीच्या किनाऱ्यावर हा आकडा लहान आहे आणि तो आपोआप लहान राहिलेला नाही. वादळ होण्याच्या आधीपासून खातं सांगत होतं, ते कुठे आणि केव्हा धडकेल याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आला, मुंबई आणि गोव्याची रडार ते पाहत होती, धोक्याचे बावटे लागले, होड्या वर ओढल्या गेल्या, किनाऱ्यालगतची माणसं शाळांत हलवली. हे सगळं टाळेबंदीत चालू होतं. ज्या शाळांत माणसं न्यायची त्यातल्या काही आधीच विलगीकरणासाठी घेतलेल्या. माणसं एकत्र आणायची तर साथीची भीती, न आणायची तर वाऱ्याची. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या (बीकेसी) मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या कोविड केंद्रातल्या रुग्णांना आदल्या दिवशी दुसरीकडे न्यावं लागलं.

मृतांचा आकडा लहान राहिल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला कायम खुपते. संध्याकाळी मुंबईचा पाऊस ओसरला, विमानतळ पुन्हा सुरू झाला, वाहिन्यांनी ‘संकट टळलं’ची पट्टी चालवली आणि कॅमेरे मरीन ड्राइव्हवरून उठले. त्याच वेळी श्रीवर्धनमध्ये काय झालंय हे कुणाला कळतच नव्हतं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे बंद, घाटात आणि रस्त्यांवर झाडं. नुकसानीची बातमी ज्या तारांवरून जायची त्या ताराच तुटल्या होत्या. मुंबईतले चाकरमानी गावी फोन लावत होते, लागत नव्हता. जायचं म्हटलं तर पास लागत होता.

माड, पोफळी आणि गुंठे

वादळ संपल्यावर त्याचा दुसरा भाग सुरू होतो आणि या भागाला हवामान खात्याची व्याख्या लागू पडत नाही.

श्रीवर्धनची वाडी ज्याने पाहिली नसेल त्याच्यासाठी: वर माडांचे शेंडे, त्यांच्या खाली पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, खोडावर चढलेली मिरवेल, मध्ये एखादं जायफळ, खाली केळी आणि अळू, एका कडेला विहीर. भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंधारल्यासारखं होतं. इथली रोठा सुपारी नावाजलेली, आणि श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्रही आहे. वाडी म्हणजे नुसती बाग नाही, एकमेकांच्या आधाराने उभं असलेलं घर आहे. ते एकत्र उभं असतं, म्हणून पडलंही एकत्रच.

माड तसा वाऱ्याचा जुना सोबती. खोड लवचीक, पानं फाटलेली, वारा आरपार जातो. मुळं जाड सोटमुळं नसून दोरखंडांच्या झुबक्यासारखी, म्हणून रोजच्या समुद्रवाऱ्यात तो आरामात डोलतो. पण ताशी ११०-१२० च्या आणि दिशा बदलत जाणाऱ्या वाऱ्यात काही माड मुळासकट उलटले, काहींचे शेंडे पिळवटून निघाले. माडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो गेला की झाड उभं दिसतं, पण मेलेलं असतं. आंब्यासारखी बाजूची फांदी फुटत नाही.

पोफळीचं आणखी वाईट. मनगट ते मांडी एवढ्या जाडीचं खोड आणि उंची चार-पाच मजल्यांची. एक पडली की शेजारचीला घेऊन पडते. आणि ज्या उभ्या राहिल्या त्याही सुटल्या नाहीत. सुपारीला सावली लागते. वरचं माडांचं छप्पर गेल्यावर कोवळ्या खोडावर थेट ऊन पडू लागलं, पुढच्या उन्हाळ्यात खोडं करपली, चिरली. वादळाने न पाडलेलं झाड उन्हाने पाडायचं, असा हा उधारीचा हिशेब.

पडलेली झाडं काढणं हे एक वेगळंच संकट. वाडीत पाय ठेवायला जागा नाही, करवती चालवणारी माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टाळेबंदीमुळे येऊ शकत नाहीत, आणि कापलेली खोडं टाकायची कुठे? जळाऊ म्हणून माडाच्या ओल्या खोडाला कुणी विचारत नाही. विहिरीवर पंप आहे पण वीज नाही. काही गावांत ती यायला कित्येक आठवडे गेले. रहाट तर वाडीवाल्यांनी केव्हाच मोडीत काढलेले. त्यात ११ जूनला मान्सून दापोलीजवळच्या हर्णैपर्यंत पोचलाही. म्हणजे उडालेली कौलं आणि पत्रे परत घालायला लोकांना जेमतेम आठवडा मिळाला, तोही दुकानं बंद आणि ताडपत्रीची मारामार असताना.

आता मदतीचं गणित. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ५ जूनला रायगडला आले आणि जिल्ह्यासाठी तातडीचे १०० कोटी जाहीर झाले. बागांसाठीची मदत नेहमीच्या हेक्टरी १८,००० वरून ५०,००० करण्यात आली. ऐकायला बरं वाटतं आणि देशावर पाच-दहा एकरांची बाग असलेल्याला ते बरंही ठरेल. पण इथल्या वाड्या मोजतात गुंठ्यांत. एक हेक्टर म्हणजे साधारण १०० गुंठे. ५०,००० भागिले १००, गुंठ्याला ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीवर जगणाऱ्या घराला अडीच हजार. त्यात पडलेल्या झाडांची कापणावळही निघत नाही. शिवाय सातबाऱ्यावर नाव सात भावंडांचं, त्यातली चार मुंबईला, त्यांची संमती आणायची कशी?

हे टोचल्यावर निकष बदलून झाडामागे रक्कम द्यायचं ठरलं: माडाला २५० आणि सुपारीला ५०. गुंठ्यात शिफारशीच्या अंतराने तेरा-चौदा पोफळी बसतात. कागदावर सुधारणाच. पण ५० रुपयांत काय येतं, हे रोपवाटिकेत जाऊन विचारलं तर ‘रोप’ एवढंच उत्तर येईल. खड्डा, खत, शिंपण आणि मधली वर्षं कोण देणार? सरकारी मदतीची सगळी रचना एका हंगामाच्या पिकासाठी आहे. भात गेलं तर पुढच्या वर्षी भात येतं. झाड हे पीक नसून मुद्दल आहे, आणि मुद्दल बुडाल्यावर एका वर्षाचं व्याज भरून दिलं तर ते खातं जुळत नाही. कोकणातल्या प्रत्येक पंचनाम्यात ही गोष्ट आडवी येते, आणि पंचनाम्याच्या छापील कागदात तिच्यासाठी रकाना नाही.

‘निसर्ग’ला वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातला गेलं. उभ्या उरलेल्या वाड्यांतून आणखी काही झाडं गेली. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासून मांडलं आहे की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ नंतरच्या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली आणि बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. पाणी जास्त तापतंय, हे त्यामागचं मोठं कारण. याचा अर्थ दरवर्षी कोकणात वादळ येईल असा नाही. बहुतेक अजूनही ओमान-गुजरातकडेच जातील. पण वाडीवाल्याचा हिशेब एका वर्षाचा नसतो. माड ऐंशी वर्षं जगतो. एवढ्या मुदतीत एखादं वादळ वाट चुकून इकडे वळण्याची शक्यता आता आजोबांच्या वेळेइतकी थोडी राहिलेली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं. तेरा देशांनी दिलेल्या १६९ नावांच्या नव्या यादीतलं ते पहिलंच. त्याच्या दोन आठवडे आधी बंगालला गेलेलं ‘अम्फान’ हे जुन्या यादीतलं शेवटचं. शब्द बंगालीतही तोच, मराठीतही तोच. त्यामुळे नंतर सरकारी पत्रव्यवहारात ‘निसर्गामुळे झालेलं नुकसान’ असं लिहिलं की ते कुठलं, हे कळायला तारीख पाहावी लागायची.

२०२० च्या पावसाळ्यातच काही जणांनी पडलेल्या जागी रोपं लावली. आधी केळी, सावलीसाठी. मग सुपारी, मधोमध बाणवली माड. सुपारी धरायला पाच-सात वर्षं घेते. बाणवलीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, यायला सहा ते आठ. ३ जूनच्या दुपारी दोन तासांत आडव्या झालेल्या वाडीतला त्या पावसात लावलेला माड नारळ देईल तो २०२७ ते २०२९ च्या दरम्यान, मधल्या काळात दुसरं काही आलं नाही तर.